कॅबरनेच्या पोटातली पोकळी

कॅबरने सोव्हिन्यों या काळ्या द्राक्षाची निव्वळ, काहीही न मिसळलेली वाइन तोंडात घेतली की सुरुवात झोकात होते. काळ्या फळांचा दाट स्वाद, जोडीला आंबटपणा, जिभेच्या टोकावर एकदम हजेरी. शेवटही दमदार असतो: हिरड्या आवळणारं टॅनिन (साल-बियांतून येणारा तुरट घटक) आणि लांबत जाणारी चव. गोची होते ती मधे. घोट जिभेच्या मध्यावर आला की तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला फळ ओसरतं आणि तिथे काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. आम्ही तिला पोकळी म्हणतो. कॅबरनेवर आधारलेलं चांगलं ब्लेंड, म्हणजे द्राक्षाच्या अनेक जातींचं मिश्रण, चाखताना आमचं निम्मं लक्ष या एकाच जागेवर असतं, कारण वाइन बनवणाऱ्याचं कसब तिथे उघडं पडतं. गंध अनेक बाटल्यांना छान असतो. मधला भाग भरलेला फार थोड्यांचा असतो.

ही पोकळी बुजवायची रीत फ्रान्सच्या बोर्दो प्रांतात रुळली, पण तिची सुरुवात चवीपेक्षा शेतीच्या गरजेतून झाली असावी असं आमचं मत आहे. जिरोंद खाडीच्या डाव्या काठावरचा मेदॉक हा सतराव्या शतकापर्यंत बराचसा दलदलीचा मुलूख होता. डच अभियंत्यांनी चर खणून पाणी काढल्यावर गोट्यांचे उंचवटे मोकळे झाले. या गोटाड जमिनीत पाणी थांबत नाही आणि दिवसाची ऊब साठून राहते. उशिरा पिकणाऱ्या कॅबरनेला नेमकं हेच हवं असतं. जिथे चिकणमाती आहे तिथे मर्लो ही दुसरी जात लावतात, ती आठवडा-दोन आठवडे आधी पिकते. सप्टेंबरच्या शेवटी पाऊस लागला तर मर्लो आधीच घरात आलेली असते. उलट वसंतात फुलोऱ्याच्या वेळी गारठा आला तर मर्लोची फुलं गळतात आणि कॅबरने तगते. २०१३ साली थंड, ओल्या वसंतात फुलोरा गळला आणि काढणीच्या सुमारास बुरशीने धुमाकूळ घातला. अशा वर्षी एकाच जातीवर विसंबलेला माणूस बुडतो. म्हणून एकाच शातोच्या (वाइन बनवणाऱ्या घराच्या) वाइनमधलं प्रमाण दरवर्षी वेगळं असतं, आणि 'या घराचं ब्लेंड सत्तर-तीस आहे' असं कुणी छातीठोक सांगितलं तर कुठल्या सालाचं, हे विचारावं.

डाव्या काठावर साधारणपणे ६० ते ७५ टक्के कॅबरने सोव्हिन्यों, २० ते ३५ टक्के मर्लो आणि उरलेल्यात कॅबरने फ्रां व पेती व्हेर्दो असा हिशेब दिसतो. मर्लो मधला भाग भरते: मांसलपणा, मऊपणा, आलुबुखाराचा स्वाद. कॅबरने फ्रां सुगंध वर उचलते, थोडी रास्पबेरी, थोडा पानांचा ताजेपणा. पेती व्हेर्दो फार उशिरा पिकते आणि तिखट-मिठासारखी जपून वापरावी लागते. दोन ते पाच टक्क्यांत ती रंग, टॅनिन आणि व्हायोलेट फुलांचा वास देते, त्याहून जास्त झाली की दादागिरी करते. माल्बेक आणि कार्मेनेर या जातींनाही परवानगी आहे, पण आता त्यांचा मेदॉकमधला वाटा नगण्य आहे. शातो लातूरच्या मुख्य वाइनमध्ये अलीकडच्या अनेक वर्षांत कॅबरनेचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेलं आहे आणि तरी पोकळी जाणवत नाही. तिथे ती मर्लोने नव्हे, जुन्या वेलींच्या पूर्ण पिकलेल्या फळाने आणि कठोर निवडीने भरलेली असते. जे पिंप दर्जात कमी पडतं ते त्याच घराच्या दुय्यम वाइनमध्ये जातं. तेव्हा टक्केवारी ही माहिती आहे, गुणपत्रिका नाही.

हे सगळं वाचून समजत नाही, म्हणून महागडी बाटली उघडण्याआधी एक प्रयोग करावा असं आम्ही प्रत्येकाला सांगतो. एकाच देशाची, शक्यतो एकाच उत्पादकाची आणि एकाच सालाची दोन स्वस्त बाटल्यांची जोडी घ्या: एक कॅबरने सोव्हिन्यों, एक मर्लो. चिलीच्या अशा जोड्या मुंबई-पुण्यात सहज मिळतात. एक खोच आहे. लेबलवर एकाच द्राक्षाचं नाव असलं तरी आत ते शंभर टक्के असेलच असं नाही. युरोपीय संघात ८५ टक्के पुरतात, अमेरिकेत ७५. उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या वाइनचा तांत्रिक तक्ता असतो, त्यात निव्वळ आहे की नाही ते आधी पाहून घ्यावं, नाहीतर प्रयोगाचा पायाच डळमळतो.

पाच सारखे ग्लास, १०० मिलीचं मोजपात्र आणि औषधाच्या दुकानातली २० मिलीची सुई नसलेली सिरिंज एवढं साहित्य लागतं. दोन्ही बाटल्या एकाच तापमानाला आणा. प्रत्येक ग्लासात ५० मिली भरायचं. पहिल्यात निव्वळ कॅबरने. दुसऱ्यात ४२.५ मिली कॅबरने आणि ७.५ मर्लो, म्हणजे ८५-१५. तिसऱ्यात ३५ आणि १५, म्हणजे ७०-३०. चौथ्यात २५-२५. पाचव्यात निव्वळ मर्लो. ग्लासाच्या बुडाला खालून चिठ्ठी चिकटवून घरातल्या दुसऱ्या कुणाकडून जागा बदलून घ्या. मिसळल्या मिसळल्या चाखू नका, दहा-पंधरा मिनिटं थांबा. ओतताना शिरलेल्या हवेने वास तेवढा वेळ विस्कटलेला असतो.

निव्वळ कॅबरनेत पोकळी स्पष्ट लागते, आणि एकदा लागली की नंतर कधी नजरेआड होत नाही. ८५-१५ मध्ये तिचे काठ मऊ होतात. ७०-३० मध्ये घोट सलग जातो. फळ तोंडात शिरतं ते टॅनिनच्या स्वाधीन होईपर्यंत कुठे तुटत नाही. पन्नास-पन्नासला बहुतेक लोक आधी 'हीच सर्वांत चवदार' म्हणतात, आणि पहिल्या घोटापुरतं ते खरंही असतं. मग शेवट मोजायला सांगितलं की चव लवकर संपते हे ध्यानात येतं. पाचवा ग्लास गोड, गोलसर, पण टेकायला पाठ नसलेला. हा प्रयोग मुख्यतः दोन कारणांनी फसतो. एक, दोन बाटल्यांमध्ये अल्कोहोलचा फरक एका टक्क्याहून जास्त असतो आणि आपण जाडपणालाच मर्लोचा गुण समजतो. दोन, एक बाटली ओकच्या पिंपात मुरलेली आणि दुसरी स्टीलच्या टाकीतली असते. मग फरक द्राक्षाचा की लाकडाचा हे कळत नाही.

आता खरी बाटली. पोयाक, सां-ज्युलियें, मार्गो, सांतेस्तेफ ही मेदॉकमधली चार मोठ्या नावाची गावं. पोयाकच्या वाइनमध्ये पेन्सिलीच्या टोकाचा, म्हणजे ग्रॅफाइटचा, आणि देवदाराचा वास ठळक येतो; मार्गो सुगंधाला पुढे; सांतेस्तेफच्या जमिनीत चिकणमाती जास्त म्हणून बांधा जरा राकट; सां-ज्युलियें या सगळ्यांच्या मधोमध आणि आमच्या मते शिकायला सर्वांत बरं. लेबलवरच्या '१८५५'चा अर्थ एवढाच, की तिसऱ्या नेपोलियनच्या काळात पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी तेव्हाच्या बाजारभावावरून पाच श्रेणी लावल्या. १९७३ साली मुतों-रॉथशिल्ड दुसऱ्या श्रेणीतून पहिलीत गेलं, हा त्यातला एकमेव गाजलेला बदल. खिसा आवरता घ्यायचा असेल तर 'क्रू बुर्ज्वा' (१८५५च्या यादीबाहेरच्या मेदॉक घरांची श्रेणी) लिहिलेली मेदॉकची बाटली चांगल्या सालाची घ्यावी. २०१६ हे तसं साल: ओला वसंत, कोरडा कडक उन्हाळा, गार रात्री आणि ऑक्टोबरपर्यंत निवांत चाललेली काढणी. चांगल्या सालाचं साधं घर हे वाईट सालाच्या बड्या घरापेक्षा पैशाला जास्त जागतं.

दुकानात बाटली हातात घेतल्यावर बूच आणि पातळी पाहा. बूच काठाच्या वर आलेलं असेल, किंवा टोपणाखालून चिकट ओघळ दिसत असेल, तर ती बाटली कुठेतरी तापली आहे, ठेवून द्या. वीस वर्षांच्या बाटलीत वाइनची पातळी मानेच्या तळाशी असावी. खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल तर आत हवा शिरली आहे असं समजावं.

आपल्याकडे सर्वांत जास्त बाटल्या मरतात त्या कपाटात. वाइन १२ ते १४ अंशांवर, अंधारात, आडवी ठेवायची असते. एप्रिल-मे महिन्यात नागपूरच्या किंवा पुण्याच्या भिंतीतल्या कपाटात ती ३५ अंशांवर शिजते आणि फळाच्या जागी मुरांब्यासारखा, शिजलेल्या मनुकांचा वास येतो. वाइनचा वेगळा फ्रिज नसेल तर बाटली आणून महिना-दोन महिन्यांत प्यावी. वर्षभर जपून ठेवण्याचा मोह धरू नये. स्वयंपाकाच्या फ्रिजमध्ये काही आठवडे आडवी ठेवलेली चालते.

तापमानाचं दुसरं टोक वाढण्याच्या वेळी येतं. 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला' हा नियम ज्या खोल्यांसाठी झाला त्या अठरा अंशांच्या दगडी खोल्या होत्या. ३० अंशांवर अल्कोहोल नाकात झोंबतं, फळ चिकट लागतं आणि आंबटपणा पातळ होतो. १२ अंशांवर उलटा प्रकार: वास मिटलेला आणि टॅनिन खरखरीत, कडसर. १६ ते १८ या पट्ट्यात दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. ३० अंशांवरची बाटली फ्रिजमध्ये दीड ते दोन तास ठेवली, किंवा बर्फ आणि पाणी अर्धं-अर्धं असलेल्या बादलीत मानेपर्यंत १२ ते १५ मिनिटं बुडवली, की तिथे पोचते. नुसत्या बर्फात घालू नका. खड्यांच्या मधल्या हवेमुळे बाटली फार सावकाश गार होते. ग्लासात ती पुन्हा तापत जाते, म्हणून आम्ही १५-१६ वरच ओतायला घेतो. अंदाजावर जाऊ नये, घरात स्वयंपाकाचा टोचायचा थर्मामीटर असावा. या एका साधनाने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या ग्लासाने पडत नाही.

तरुण आणि मुरलेली बाटली यांची वाट इथून वेगळी होते. पंधरा-वीस वर्षांहून जुनी असेल तर एक दिवस आधी उभी करून ठेवायची, म्हणजे गाळ बुडाशी बसतो. हा गाळ म्हणजे टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना चिकटून झालेले मोठे रेणू. अपायकारक नाही, पण कडवट आणि मातकट लागतो. जुनं बूच कॉर्कस्क्रूने बऱ्याचदा तुटतं, तिथे दोन पातींचा चिमटा बुचाच्या दोन्ही बाजूंनी डुलवत आत सरकवायचा आणि पिळत वर काढायचा. मग बाटलीच्या मानेखाली मोबाइलचा दिवा ठेवून, हात न थांबवता, एका संथ धारेत डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत, ओतायचं. गाळाची पहिली काळी रेघ खांद्याशी आली की थांबायचं. शेवटचे ५० मिली बाटलीतच राहतात, त्यांचा लोभ धरायचा नाही. अशी वाइन ओतल्यावर लगेच चाखा. जुन्या वाइनचा नाजूक वास अर्ध्या-पाऊण तासातच विरू शकतो.

तरुण बाटलीला गाळाचा प्रश्न नसतो, तिला हवा हवी असते. रुंद बुडाच्या डिकँटरमध्ये जरा उंचावरून, धसमुसळेपणाने ओतली तरी चालते. एक ते दोन तास. २०१६सारख्या घट्ट सालाला तीन तासही लागतात. आम्ही मात्र डिकँटर करण्याआधी एका ग्लासात ३० मिली काढून ठेवतो. नंतर दोन्ही शेजारी ठेवून चाखलं की हवेने नेमकं काय केलं ते कळतं, आणि पुढच्या वेळी त्याच बाटलीला किती वेळ द्यायचा याचा अंदाज येतो. फक्त बूच काढून बाटली 'श्वास घ्यायला' ठेवणं हा निव्वळ देखावा आहे. मानेतलं तोंड नाण्याएवढं, तिथून किती हवा शिरणार?

ग्लासाबद्दल थोडक्यात. तुलनेसाठी १९७७च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा, सुमारे २१५ मिलीचा छोटा, वर निमुळता ग्लास पुरेसा आहे. त्यात ५० मिली घ्यायचे. निवांत प्यायला ६०० मिलीच्या आसपासचा उंच बोर्दो ग्लास घ्या आणि त्यात १०० मिलीच्या वर जाऊ नका. कपाटातून काढलेल्या ग्लासाला लाकडाचा, साबणाचा किंवा ओल्या फडक्याचा वास असतो. रिकामा ग्लास आधी हुंगा. वास आला तर एक चमचा तीच वाइन फिरवून टाकून द्या.

रंगाकडे फार वेळ घालवत नाही. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरला की मध्यभाग गडद आणि काठ जांभळा, लालसर किंवा विटकरी दिसतो. जांभळट म्हणजे कोवळी, विटकरी म्हणजे मुरलेली. पाच-सात वर्षांच्या वाइनचा काठ तपकिरी असेल तर काहीतरी बिघडलं आहे. ग्लासाच्या भिंतीवरून उतरणाऱ्या ओघळांची चर्चा अनेक जण रंगवून करतात. ते मुख्यतः अल्कोहोलची खूण आहेत, दर्जाची नाहीत.

नाक दोनदा लावायचं, ग्लास हलवण्याआधी आणि हलवल्यावर. आधीच्या हुंगण्यात दोष सापडतात, कारण ते फळाच्या गर्दीत लपायच्या आधी भेटतात. भिजलेल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास आला तर बूच दूषित आहे. ट्रायक्लोरोअॅनिसोल नावाचं रसायन एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी पुरतं, आणि प्रमाण कमी असेल तर वास न येता फक्त फळ मुकं होतं. हे ओळखायला सर्वांत अवघड, कारण माणूस वाइनलाच कंटाळवाणी ठरवून मोकळा होतो. हवेने दुरुस्त होत नाही. तासाभराने उलट वाढतं. घोड्याच्या तबेल्याचा आणि जखमेच्या चिकटपट्टीचा वास ब्रेटानोमायसेस या यीस्टचा. थोडासा असला तर जुने बोर्दोप्रेमी त्याला खानदानी म्हणतात. आमच्या मते तो मेदॉकचा गुण नसून अस्वच्छ पिंपांचा आहे, कारण स्वच्छ घरांच्या वाइनमध्ये तो येत नाही. नखं रंगवायच्या पॉलिशचा वास म्हणजे इथाइल अॅसिटेट, व्हिनेगरच्या वाटेवरची वाइन. नुकत्या पेटवलेल्या काडेपेटीसारखा गंधक मात्र घाबरण्यासारखा नाही, ग्लास जोरात फिरवला की पाच-दहा मिनिटांत उडतो.

दोष नसतील तर पुढचं काम सोपं आणि सुखाचं. पुस्तकांत कॅबरनेची पहिली खूण म्हणून काळं करंट सांगतात, जे आपल्याकडे कुणी खाल्लेलं नसतं. तरुण वाइनमध्ये पिकलेलं जांभूळ आणि करवंद शोधा. तुरट काळं फळ म्हणून वाट चुकत नाही. त्यामागे ढोबळी मिरची. हा वास पायराझिन गटातल्या रेणूचा असतो, आणि घड उन्हात पिकत जातात तसा तो कमी होतो. पुसट असला तर ताजेपणा देतो. नाक खुपसताच मिरची चिरल्यासारखा आला तर फळ कच्चं काढलं आहे, आणि मग तोंडात कडवट टॅनिन भेटणार हे आधीच समजून घ्यावं. लाकडाचे वास वेगळे ओळखता येतात: व्हॅनिला, लवंग, भाजलेली कॉफी. लवंगेतलं युजेनॉल भाजलेल्या ओकमध्येही असतं, त्यामुळे ती नुसती कल्पना नसते. नारळाचा वास ठसठशीत असेल तर बहुधा अमेरिकन ओक आहे. बोर्दोत २२५ लिटरची फ्रेंच ओकची पिंपं वापरतात आणि वाइन त्यांत साधारण १२ ते २० महिने राहते. दहा-पंधरा वर्षांनी फळ मागे सरकतं आणि देवदार, तंबाखूचं पान, चामडं, जंगलातली ओली माती पुढे येते. मर्लोचा वाटा जास्त असेल तर हे वळण लवकर येतं.

आता तोंड, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. १० ते १५ मिली, म्हणजे दोन-तीन चमचे, एवढाच घोट. कमी घेतलं तर लाळेत विरघळतं, जास्त घेतलं तर फिरवता येत नाही. दहा सेकंद तोंडात ठेवायचं आणि त्या दहा सेकंदांचे तुकडे पाडून लक्ष द्यायचं. पहिले दोन सेकंद फळ आणि गोडवा. कोरड्या वाइनमध्येही पिकलेल्या फळाचा आणि अल्कोहोलचा भास गोड लागतो. तिसऱ्या ते सहाव्या सेकंदाला ओठांतून थोडी हवा आत ओढायची. घशामागून नाकात जाणारा वास इथे उघडतो. हाच तो मधला भाग. इथे स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: फळ अजून आहे का, की फक्त आंबट आणि तुरट उरलं आहे? फळ असेल तर ते पसरतंय की जिभेच्या मधल्या पट्टीवर अडकलंय? चांगल्या ब्लेंडमध्ये ते गालांच्या आतपर्यंत जातं.

सातव्या सेकंदापासून टॅनिन. त्याचं प्रमाण आणि पोत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवखे चाखणारे प्रमाणावरच अडकतात. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून त्यांचं वंगण काढून घेतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. घोट थुंकल्यावर जीभ वरच्या हिरड्यांवरून फिरवा. मखमलीसारखा बारीक दाणा लागला आणि लाळ पुन्हा सुटली तर टॅनिन पिकलेलं आहे, भले ते भरपूर असो. वाळूसारखं खरखरीत आणि जिभेच्या मुळाशी कडू लागलं तर बिया किंवा सालं कच्ची होती, किंवा द्राक्षं जास्त पिळली गेली. लाकडाचं टॅनिन फळाशी एकजीव न होता कोरडं, सुटं राहतं. फार नवा ओक वापरलेल्या वाइनमध्ये शेवटी फळ संपल्यावर तेच मागे उरतं. भरलेला मध्य आणि बारीक टॅनिन असेल तर तरुण वाइनचा तुरटपणा माफ करावा, वर्षांनी तो मऊ होतो. रिकामा मध्य कुठलंही वर्ष भरून देत नाही. टॅनिन झिजण्याआधी फळच संपतं.

आंबटपणा तपासायला मान थोडी खाली करा आणि जबड्याच्या बाजूंना किती लाळ सुटते पाहा. अल्कोहोल घशात उबेच्या रूपात कळतं. ऐंशीच्या दशकात बोर्दोच्या बाटल्यांवर १२ ते १२.५ टक्के असायचे, आता १३.५ ते १४.५ सर्रास दिसतात. त्यामुळे ऊब असणं दोष नाही, जळजळ असणं आहे. मग शेवट मोजा. थुंकल्यापासून फळाची चव किती सेकंद राहते ते, तुरटपणा किती राहतो ते नाही. साध्या बाटलीत चार-पाच, चांगल्यात दहाच्या वर, असामान्य बाटलीत वीसच्या पुढे.

टॅनिन घोटागणिक साठत जातं. पाठोपाठ घेतलेल्या चौथ्या घोटात प्रत्येक वाइन पहिल्यापेक्षा तुरट लागते, त्यात वाइनचा काही दोष नसतो. दोन घोटांमध्ये किमान एक मिनिट जाऊ द्या; पाण्याने फारसं जमत नाही, बिनमसाल्याचा पाव बरा. चाखण्याआधी तासभर चहा, पान, सुपारी आणि टूथपेस्ट टाळावी. चहा-सुपारीत टॅनिन आहे, तोंड आधीच भरून जातं.

जेवणाबरोबर घ्यायची असेल तर प्रथिनं, चरबी आणि मीठ टॅनिनच्या बाजूने आहेत, तिखट विरुद्ध. कोल्हापुरी तांबड्या रश्श्याबरोबर मेदॉकची बाटली उघडणं म्हणजे दोन्हींचा अपमान: तिखटाने अल्कोहोल झोंबतं, टॅनिन कडू होतं आणि फळ दिसेनासं होतं. कमी तिखटाचं, मिरपुडीवरचं सुकं मटण, निखाऱ्यावरच्या चॉप्स, लोण्यात परतलेली मशरूम्स, वर्षभर मुरलेलं कडक चीज, यांच्याशी जमतं. मऊ, पिकलेल्या चीजशी सहसा जमत नाही.

कॅबरनेची पोकळी सगळीकडे मर्लोनेच भरतात असं नाही. इटलीत तोस्कानामधल्या बोल्गेरीची सासिकाया ही वाइन ८५ टक्के कॅबरने सोव्हिन्यों आणि १५ टक्के कॅबरने फ्रांची. तिचा बांधा सडपातळ आणि सुगंधी. ऑस्ट्रेलियात शिराझ ही जात घालतात, पेनफोल्ड्स या उत्पादकाची बिन ३८९ ही १९६०पासून तशीच बनते. भारतातही हाच मार्ग रुळला: नंदी हिल्सची ग्रोव्हरची ला रिझर्व कॅबरने-शिराझ आहे, तर अकलूज परिसरातल्या फ्रातेल्लीची 'सेट्टे' ही सांजोव्हेझे या इटालियन जातीची आणि कॅबरनेची. शिराझ मध्य भरते तो मर्लोपेक्षा जाड आणि मसालेदार, काळ्या मिरीच्या अंगाने. आपल्याकडे वेल थंडीत झोपत नाही; वर्षातून दोन छाटण्या करून एकच पीक घेतात आणि काढणी जानेवारी ते मार्चमध्ये होते, म्हणजे फळ शेवटी तापत्या दिवसांत पिकतं. साखर पटकन चढते, साल आणि बिया मागे राहतात. म्हणून देशी कॅबरने ब्लेंड चाखताना आम्ही मधल्या भागापेक्षा टॅनिनचा हिरवेपणा आणि आंबटपणाचा तोल आधी पाहतो. ती बोर्दोच्या शेजारी ठेवून मोजू नये. एकाच जोडीच्या, कॅबरने-शिराझच्या, दोन-तीन बाटल्या शेजारी ठेवाव्यात.

उरलेली वाइन फेकू नका, तिचा एक उपयोग आहे. बाटली उघडताच अर्धी वाइन ३७५ मिलीच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन-चार दिवस टिकते. दुसरा भाग मुद्दाम अर्ध्या रिकाम्या बाटलीत, बूच लावून, गार जागी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच तापमानाला आणून चाखा. फळ जागेवर असेल, टॅनिन सैलावलं असेल आणि मधला भाग आदल्या दिवसापेक्षा रुंद झाला असेल, तर त्या खोक्यातल्या बाकीच्या बाटल्यांना आणखी पाच-सात वर्षं निर्धास्त द्या. फळ बसून गेलं असेल आणि भाजलेल्या सफरचंदाचा, शेंगदाण्याचा वास येऊ लागला असेल, तर उरलेल्या बाटल्या येत्या वर्षभरात संपवा.